अ‍ॅप्रनचं पहिलं पाणी

आमच्या मागच्या दाराला एक खिळा आहे. त्या खिळ्यावर छत्तीस वर्षं एकच अ‍ॅप्रन लटकत होता. तो मुळात पांढरा होता, यावर आता कुणाचा विश्वास बसणार नाही. पापाच्या तिकटीच्या शिंप्याकडून शिवून आणला तेव्हा आठ दिवस मी त्याला पांढरा बघितला, तेवढाच. मग त्याच्यावर पिवळे, जांभळे, विटकरी, मोरचुदी असे डाग पडत गेले. कोपरं झिजली. डाव्या खिशाला मी दोनदा ठिगळ लावलं. ठिगळ लावायला मला परवानगी होती, धुवायला नव्हती.

"त्याला पाणी लावायचं न्हाय," हे दर दिवाळीला बजावायचे. "त्यात माझं इरजण हाय."

मला वाटायचं, चेष्टा करतात. ज्या माणसाला स्वतःच्या हाताने कधी दुधाला विरजण लावता आलं नाही, त्याने विरजणाच्या गोष्टी सांगाव्यात?

हे म्हणजे डॉ. विजयसिंह इंगवले. मूळचे कोडोलीचे, शिकले कोल्हापुरात, आणि मग इथल्याच विद्यापीठात जन्मभर स्फटिकशास्त्र शिकवलं. लग्नाकार्यात बायका मला विचारतात, "म्हणजे तुमचे मिस्टर नेमकं करतात काय?" मी एक उत्तर पाठ करून ठेवलं आहे. मीठ, साखर, हिरा, औषधं यांच्या खड्यांमध्ये अगदी आत जे कण असतात, ते कसे ओळीत उभे आहेत हे क्ष-किरणांनी बघायचं. "तेवढंच?" असं त्या विचारतात. तेवढंच, मी म्हणते, पण त्यालाच चाळीस वर्षं लागली.

विभागात ह्यांच्या हातगुणाचा मोठा बोलबाला होता. क्ष-किरणांचं यंत्र कितीही मोठं असो, त्याला आधी एक नीट खडा लागतो. काही पदार्थांचा तो जमतच नाही. एखादा विद्यार्थी सहा सहा महिने बाटली घेऊन बसायचा, आत नुसता चिकट रस. मग सर यायचे, बाटलीवर वाकायचे, काचेच्या कांडीने एकदा ढवळायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी खडे. पोरं परीक्षेच्या आधी ह्यांच्या टेबलावर बाटल्या ठेवून जायची. फक्त उदबत्ती लावायची बाकी होती. हे चिडायचे. "हातगुण म्हणं! वैदू हाय का मी?" असं म्हणत पुन्हा ढवळायचे.

निवृत्त झाले तरी तेरा वर्षं रोज विभागात जात होते. गेल्या वर्षी दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि ते थांबलं. तेव्हापासून अ‍ॅप्रन खिळ्यावर आणि हे खुर्चीवर. खुर्चीवरून ते मला स्वयंपाक शिकवायला लागले. म्हणून, पंचाहत्तरीचा सत्कार करायचा म्हणून विद्यार्थी आले तेव्हा मीच त्यांना आधी चहा दिला आणि मग नवऱ्याला कळवलं.

विद्यार्थ्यांचा पुढारी अमरसिंह. ह्यांचा जुना विद्यार्थी, आता औषधांचा कारखाना काढलाय. त्याचा आवाज असा, की त्याला फोनची गरज नाही. त्याने हॉल ठरवला, फेटे बांधणारा ठरवला, आमच्या गल्लीपासून हॉलपर्यंत फ्लेक्स लावले. फ्लेक्सवर ह्यांचा मिशीवाला फोटो, खाली "क्ष-किरणांचा ढाण्या वाघ" आणि त्याखाली बेचाळीस माजी विद्यार्थी, त्यातले निम्मे गॉगल लावून. फ्लेक्स बघून हे दोन दिवस रंकाळ्यावर फिरायला गेले नाहीत.

"काकी, आता एकच ऱ्हायलं," अमरसिंह शुक्रवारी संध्याकाळी म्हणाला. "सरांचा अ‍ॅप्रन. उद्या दुपारी न्यायला येतो. काचेच्या फ्रेमात घालून परवा इस्टेजवर ठेवणार. त्यो अ‍ॅप्रन म्हंजे आमचा झेंडा हाय, काकी!"

तो गेला आणि मी मागच्या दाराकडे बघितलं. कुलगुरू येणार, पुण्या-बंगळुरूहून विद्यार्थी येणार, त्यांच्या बायका येणार. त्या सगळ्या काचेतून बघणार आणि म्हणणार, इंगवलेबाईंनी जन्मात नवऱ्याचा कपडा धुतलेला दिसत नाही. सत्कार ह्यांचा आणि नाक कापलं जाणार माझं! छत्तीस वर्षं ऐकलं, बास झालं, असं मी ठरवलं.

शनिवारी सकाळी नऊला हे गुडघ्याच्या व्यायामाला गेले. मी पदर खोचला.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. बादलीत कढत पाणी, मूठभर सोडा, साबणाचा चुरा, आणि त्यात तो अ‍ॅप्रन बुडवला तेव्हा वैऱ्याला बुडवल्याचं समाधान मिळालं. अर्ध्या तासाने पिळून काढला. पाणी जे निघालं, ते मी काय सांगू? काळपट, वर तांबूस झाक, तळाला गाळ. माझ्या डोळ्यांसमोर एकदम ह्यांचं तोंड आलं. हे पाणी मी टाकलं नाही. बादली न्हाणीच्या कोपऱ्यात सरकवून वर ताट झाकलं. हे घरी आले की मी ताट उचलून दाखवणार होते, की बघा, हे असलं अंगावर घालून तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात फिरत होता. छत्तीस वर्षांच्या भांडणाचा पुरावा माझ्या हाती आला होता. तो काय मोरीत ओतून देऊ?

दुसरं पाणी टाकलं, तिसरं टाकलं. मग नीळ, मग कांजी. एक डाग तेवढा हटला नाही, डाव्या खिशाच्या कडेचा. तीनदा घासला, तरी शिवणीत केशरी रेघ राहिलीच. चैत्राच्या उन्हात गच्चीवर अ‍ॅप्रन तासाभरात कडकडीत वाळला. इस्त्री करून मी तो हँगरला लावला आणि चार पावलं मागे जाऊन बघत राहिले. कुणी म्हटलं असतं, आत्ता दुकानातून आणला.

साडेअकराला बेल वाजली. दारात शबनूर.

शबनूर मोमीन इचलकरंजीची. तिचे वडील मागावर कामाला आहेत. ती कापडाच्या रंगातल्या एका पदार्थावर पाच वर्षं पीएच.डी. करत होती. ह्यांची शेवटची विद्यार्थिनी म्हणायला हरकत नाही, कारण कागदावर मार्गदर्शक दुसरे असले तरी अडलं की पोरगी आमच्याकडेच यायची आणि आली की जेवून जायची. आज तिच्या हातात डबा होता. तो तिने ओट्यावर ठेवला, उघडला, आतून लोकरीचा पायमोजा काढला आणि पायमोज्यातून बोटभर उंचीची बाटली. आत केशरी, दाट रस.

"अजून काकवीच का गं?" मी विचारलं.

"काकवीच, काकी." ती हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "तीस तारखेला प्रबंध द्यायचा शेवटचा दिवस आहे. मुदतवाढ दोनदा झाली, आता देत नाहीत. खडा मिळाला नाही तर पाच वर्षं पाण्यात."

"पण मागं एकदा मिळालता की."

"दोन वर्षांपूर्वी. एकच मिळाला. मशीनवर अर्ध्यातच तडकला. परीक्षक म्हणतात, पुन्हा करून दाखवा. मी दोनशे वेळा करून बघितलं. आता नवीन इमारत, नवीन लॅब, सगळं चकाचक. तिथं काही पडतच नाही." मग तिचा चेहरा उजळला. "पण काल सरांशी बोललो. सर म्हणाले, येडे, अ‍ॅप्रन घेऊन जा! म्हणून मिळेल त्या गाडीनं आलो."

"अ‍ॅप्रन तुलापण पाहिजे? आज भलताच भाव आलाय त्याला," असं म्हणत मी मोठ्या ऐटीत हँगर पुढे केला.

शबनूरने अ‍ॅप्रनकडे बघितलं. जवळ येऊन बाहीला हात लावला. मग नाक लावून वास घेतला.

"काकी," ती अगदी हळू म्हणाली, "धुतलात?"

"मग! बघ की कसा निघालाय."

ती मटकन खुर्चीत बसली. मला वाटलं, उपाशीपोटी आली असेल, चक्कर आली. पाणी दिलं. ते तिने हातात धरलं, प्यायली नाही. मग तिने मला सगळं सांगितलं. पदार्थाला खडा धरायला त्याच पदार्थाचा एक कण लागतो, बी म्हणून. डोळ्याला दिसणारही नाही इतका बारीक चालतो. ज्या दिवशी तिचा खडा पडला, त्या दिवशी सर तिच्या बाटलीवर वाकले होते आणि बाटलीच्या तोंडाशी धरलेली त्या पदार्थाची पूड त्यांच्या बाहीला, खिशाला लागली होती. जुन्या लॅबमधली धूळ गेली, जुन्या बाटल्या गेल्या. आता त्या पदार्थाचे कण अख्ख्या जगात एकाच ठिकाणी उरले होते, ह्या अ‍ॅप्रनवर. विभागातले खडे पडायचे ते सरांच्या हातगुणाने नव्हे. ते ह्या बाहीवरून पडणाऱ्या धुळीने.

"दुधाला इरजण लागतं ना काकी, तसंच," ती म्हणाली.

त्यात माझं विरजण आहे, असं माणूस छत्तीस वर्षं सांगत होता. ह्यापेक्षा सोपं मला कुणी काय सांगायचं होतं? करायला गेले गणपती आणि झाला मारुती. तिने भिंग काढून खिशाच्या कडेची ती केशरी रेघ बघितली, मान हलवली. तिथे नुसता रंग होता, कण नव्हता. मी इतकी स्वच्छ धुणारी बाई आहे, याचा मला आयुष्यात पहिल्यांदा संताप आला. पोरीसमोर रडायचं नाही म्हणून मी ओट्याकडे तोंड केलं, पण रडू आलंच. शबनूरच उठून माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. वर "असू दे काकी" म्हणत होती. तिचं बुडालं होतं आणि समजूत माझी काढत होती!

तेवढ्यात काठीचा आवाज झाला. हे आले. त्यांनी हँगरकडे बघितलं, शबनूरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मी धुतला," मी म्हटलं. "काय बोलायचं ते मला बोला, तिला कायबी बोलायचं न्हाय. आणि तुम्हीबी तिला अ‍ॅप्रन न्यायला सांगितलं ते मला सांगायला काय झालतं?"

ह्यांनी चष्मा काढला. पँटच्या खिशातल्या रुमालाने पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं, आता ओरडतील. छत्तीस वर्षांत शंभरेक पदार्थ त्या कापडावरून गेले होते. पण ते खुर्चीत टेकले आणि वर्गात प्रश्न विचारावा तसं विचारलं, "गरम पाणी?"

"व्हय."

"सोडा?"

"मूठभर."

"शबनूर, तुझा पदार्थ पाण्यात इरघळतोय?"

"नाही सर. गरम पाण्यातपण नाही. साबणानं, सोड्यानंपण नाही." बोलता बोलता ती थांबली. तिचे डोळे मोठे झाले.

"मग संपला कसा? कापडावरनं सुटला, एवढंच. पाण्यासंगट खाली गेला आणि तळाला बसला आसंल." हे माझ्याकडे वळले. "पहिलं पाणी कुठं वतलंस?"

पहिलं पाणी! मी तोंड उघडणार इतक्यात न्हाणीतून बादली आपटल्याचा आवाज आला. भांडी घासायला येणारी बनाबाई मागच्या दाराने केव्हाच आत आली होती.

"वैनी, ते बादलीतलं पाणी वतलं बगा!" ती तिथूनच ओरडली. "लई घाण हुतं! न्हाणी सगळी काळी झाली!"

मी धावले. ह्या वयात मी एवढी धावले, हे मलाच खरं वाटत नाही. बनाबाई बादली आडवी करून हातात काथ्या घेऊन घासायच्या तयारीत होती.

"थांब! हात लावू नको!"

बनाबाई काथ्या वर धरून तशीच थिजली. मी बादलीत वाकून बघितलं. पाणी गेलं होतं. तळाला बोटाच्या पेराएवढा राखाडी गाळ चिकटून होता.

"आत काय सोनं हाय का काय?" बनाबाईने विचारलं.

"सोन्याच्या वर हाय," हे दारातून म्हणाले. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने चौकट धरलेली. "पण मला एक सांग, हे पाणी ठेवलंस कशापायी?"

आता खोटं काय बोलायचं? "तुम्हाला दाखवून भांडायचं होतं," मी सांगितलं.

हे हसायला लागले. इतके हसले, की शबनूरला त्यांना धरावं लागलं. जित्याची खोड म्हणतात ती माझी, आणि त्या खोडीवर हा माणूस कधी एवढा खूश झालेला मी बघितला नव्हता.

पुढचे दोन तास माझं स्वयंपाकघर म्हणजे प्रयोगशाळा. शबनूरच्या पिशवीत गाळणकागद होताच. ही मंडळी लग्नाला जातानाही तो घेऊन जात असावीत. गाळ पुन्हा पुन्हा स्वच्छ पाण्याने धुतला, साबण सोडा सगळा काढला, डब्याच्या झाकणावर पसरून गच्चीत वाळवला. चिमूटभर करडी पूड उरली. मी भिंगातून बघितलं, मला चुलीतली राख दिसली.

"ह्यात शंभर जणांची धूळ असंल," मी म्हटलं. "त्यातला तिचा कण तिला सापडायचा कसा?"

"आपण कशाला शोधायचा? रसच शोधतोय," हे म्हणाले. "ज्याचं इरजण त्यालाच लागू पडतंय. बाकीचे नुसते बसून ऱ्हात्यात."

शबनूरने सुईच्या टोकावर पूड घेतली आणि बाटलीत टेकवली. झाकण लावलं. बाटली माझ्या फडताळात, गुळाच्या डब्याशेजारी ठेवली आणि ह्यांनी हुकूम सोडला. मिक्सर बंद, दार आपटायचं नाही, बनाबाईने भांडी हळू ठेवायची. त्या दिवशी आमटीला वाटण नव्हतं. अमरसिंह फ्रेम घेऊन आला तर त्याला मी अंगणातच गप्प केलं. हळू आवाजात बोलायचं म्हणजे काय, हे त्याला चाळिसाव्या वर्षी आमच्या दारात कळलं. त्याच्या हातात इस्त्रीचा अ‍ॅप्रन दिला. त्याने माझ्याकडे बघितलं, अ‍ॅप्रनकडे बघितलं, आणि बिचारा हलक्या पावलांनी तो घेऊन गेला.

शबनूर आमच्याकडेच राहिली. रविवारी सकाळी तिघांनी फडताळ उघडलं. बाटलीत कालचाच रस.

"न्हाय झालं," मी म्हटलं.

"अजून न्हाय झालं," ह्यांनी दुरुस्त केलं. "हलवू नका. शबनूर, तू थांब हितंच. माझा सत्कार काय कुठं पळून जात न्हाय, फोटोत बघ." बनाबाईपण थांबते म्हणाली. तिला आता त्या बाटलीत माझ्याइतकाच जीव अडकला होता, कारण पाणी तिने ओतलं होतं.

हॉलच्या दारात हलगी कडाडत होती. ह्यांना फेटा बांधला, मलाही बांधला. माझ्या सात पिढ्यांत बाईने फेटा बांधलेला नाही, पण आरशात बघितलं तर मला शोभत होता. स्टेजवर मधोमध काचेची फ्रेम आणि तिच्यात तो पांढराशुभ्र अ‍ॅप्रन. पाहुणे काचेजवळ येत, बघत आणि गोंधळून परत जात. "नवीन घेतला वाटतं," कुणीतरी म्हणालं. मी खुर्चीत अंग चोरून बसले.

भाषणं सुरू झाली. ज्याला त्याला तो अ‍ॅप्रनच आठवत होता. पुण्याचा हंबीरराव, आता स्वतः मोठा प्राध्यापक, माइकवर म्हणाला, "माझ्या बाटलीत आठ महिने खडा पडला नव्हता. एक दिवस सरांची बाही तिच्यावर झुकली आणि माझं आयुष्य मार्गी लागलं." टाळ्या पडल्या. प्रत्येक टाळी मला पाठीत बसल्यासारखी वाटत होती. ह्यांनी सगळ्यांकडे एकच गोष्ट मागितली, की हातगुण हा शब्द तेवढा वापरू नका. पुढच्या वक्त्याने सुरुवातच हातगुणाने केली.

मग सूत्रसंचालन करणारी पूर्णिमा म्हणाली, "आता काकी दोन शब्द बोलतील."

हे आधी ठरलं नव्हतं. माझी साडी-चोळी झाली, ओटी झाली, म्हणजे माझं काम संपलं, असं मी धरून चालले होते. चाळीस वर्षं प्रबंधांच्या ऋणनिर्देशात माझं नाव येतं, चहाबद्दल आभार म्हणून. चहाबद्दलच दोन शब्द बोलून मोकळं व्हावं, हे सोपं होतं. मी उठले. समोर दोनशे माणसं. मला त्यांच्या मागे आमचं फडताळ दिसत होतं आणि त्याच्यापुढे बसलेली शबनूर.

"मी अ‍ॅप्रन धुतला," मी म्हटलं.

मग दोनशे तोंडांतून एकदम आलं, "अगागागा!"

हंबीररावाने डोक्याला हात लावला. पूर्णिमाच्या हातातला कागद खाली पडला. अमरसिंह "काकी!" म्हणून जे ओरडला ते बिनमाइकचं बाहेरच्या हलगीवाल्यांना ऐकू गेलं. फक्त कुलगुरूंनी टाळ्या वाजवल्या. त्यांचा विषय इतिहास. त्यांना वाटलं, एका पत्नीने चांगलं काम केलं आणि ती विनयाने सांगते आहे. एकटेच वाजवतायत हे लक्षात आल्यावर त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"एका पोरीचं पाच वर्षांचं काम त्याच्यावर होतं," मी पुढे म्हणाले. "मला ठाऊक नव्हतं. ह्यांनी सांगितलं होतं, पण मी कानामागं टाकलं. मला तुमच्या सगळ्यांची माफी मागायची..."

"सरा! सरा! धक्का लावू नका!"

हा आवाज मी ओळखला. बनाबाई. हॉलच्या मधल्या वाटेने ती दोन्ही हात पसरून गर्दी बाजूला करत येत होती, आणि तिच्यामागे शबनूर, दोन्ही तळव्यांत बाटली धरून, पावलं मोजत. चपला बहुतेक घरीच राहिल्या होत्या.

"हलवत कशाला आणलीस?" हे स्टेजवरून ओरडले.

"सर, ऱ्हावलं नाही!"

हे काठी टेकत खाली उतरले. फेट्याचा शेमला तोंडावर आला तो त्यांनी उडवून लावला. खिशातून भिंग काढून बाटलीवर वाकले. मीही जाऊन बघितलं. तळाला पाच केशरी खडे, मोहरीएवढे, कडा अशा धारदार की उजेड त्यांवर टिकत नव्हता.

"तीन तर बसत्यात मशीनवर," हे म्हणाले. "उद्या सकाळी आठला. लवकर ये, आणि खाऊन ये."

मग काय झालं ते मला क्रमाने सांगता येणार नाही. माजी विद्यार्थी खुर्च्या सोडून बाटलीभोवती गोळा झाले. आपापल्या गावी साहेब असलेली माणसं एकमेकांना कोपरांनी ढकलत होती. शबनूरने वडिलांना फोन लावला. ते कामावर होते, फोनमधून मागांचा खडखडाट आम्हालाही ऐकू येत होता. "अब्बा, आला! खडा आला!" ती ओरडत होती आणि पलीकडून "कोण आला? कोण?" एवढंच येत होतं. शेवटी अमरसिंहाने फोन घेतला आणि एकदाच सांगितलं. पलीकडे ते ऐकू गेलं. इचलकरंजीला ते फोनशिवायही गेलं असतं.

मानपत्र कुणी वाचलंच नाही. ते अजून नळीत गुंडाळलेलं आमच्या कपाटावर आहे.

गडबड जरा निवाल्यावर ह्यांनी अमरसिंहाला फ्रेम उघडायला सांगितली.

"सर, सील केलीया!"

"सील काढ."

अ‍ॅप्रन बाहेर आला. कांजीने तो हातात उभाच राहत होता. ह्यांनी तो शबनूरच्या खांद्यावर ठेवला. "मी आता रोज येणार न्हाय. ह्यो तुझ्याकडं असू दे. नव्या लॅबमधी जरा धूळ हुंदे."

शबनूरने बाटलीचं झाकण काढलं. आतल्या बाजूला बारीक केशरी पूड धरली होती. ती अ‍ॅप्रनला लावायची, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. पण तिने त्या पांढऱ्या कापडाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तिचा हात थांबला. सगळेच माझ्याकडे बघायला लागले.

पांढऱ्या कापडाजवळ रंग आला की माझा हात आपोआप पुढे होतो. आत्ताही झाला. मी अ‍ॅप्रनचा डावा खिसा दोन्ही हातांनी धरला आणि कापड ताणलं.

"पूस," मी तिला म्हटलं. "हितं, शिवणीच्या कडेला. हितलं निघत न्हाय. काल मी तीनदा घासून बघितलंय."